छातीच्या फोटोतला खेकडा

"छातीचा फोटो मला वाचता येतो!" असं मी शेषेरावांना छातीठोकपणे सांगितलं. आयुष्यात छातीठोकपणे बोललेलं माझं हे पहिलंच वाक्य. आणि छाती ठोकल्याबरोबर असा खोकला आला की एस.टी.च्या पुढच्या सीटवरच्या बाईंनी पदर नाकाला लावला आणि त्यांच्या पिशवीतली कोंबडी फडफडली!

एरवी मी असलं काही बोलत नाही. कंधारच्या वाचनालयात सारी नोकरी ग्रंथपाल म्हणून केली. कुणाशी बोलायची वेळ आली की मी पुस्तक पुढे करायचो. सभेत कुणी "अप्पा, दोन शब्द बोला" म्हटलं, की मला खरोखर दोनच शब्द सुचतात, 'नमस्कार' आणि 'आभार', आणि तेही कधी कधी उलट्या क्रमाने. पण आरोग्याचं कपाट मात्र मी कोपरा न कोपरा वाचलेलं. विडीनं फुफ्फुसाचं काय होतं, याची पुस्तकं तर मी विडी ओढत ओढतच वाचली. एकदा ऐन फुफ्फुसाच्या चित्रावर ठिणगी पडून भोक पडलं. उजव्या फुफ्फुसाला! इतका स्पष्ट इशारा मिळाल्यावर मी काय केलं? पानाला मागून कागद चिकटवला आणि पुढचं प्रकरण वाचायला घेतलं.

खोकला पहाटे सुरू व्हायचा. शिवगंगा, म्हणजे आमची मंडळी, म्हणायची, "अवो, गल्लीतल्या बाया तुमच्या खोकल्यावर नळाला उठून राहिल्यात. उद्या खोकला थांबला तर गल्ली तहानेनं मरंल!"

पण वाचनालयाचा जिना चढताना मला मधल्या पायरीवर बसावं लागलं, तेव्हा तिनं थट्टा बंद केली. शेजारच्या शेषेरावांना बोलावलं आणि सांगितलं, "ह्यांना नांदेडला न्या. छातीच्या डॉक्टरकडं."

शेषेरावांची शेती आहे आणि आवाज आहे. दोन्ही भरपूर. आमची मैत्री एका काडीवर दोन विड्या पेटवण्यातून झालेली. ते म्हणाले, "चला अप्पा! मी हाय ना!" आणि एस.टी. सुटेपर्यंत स्टँडवर आम्ही दोघांनी खोकल्यावर इलाज म्हणून एकेक विडी ओढली.

छातीच्या डॉक्टर म्हणजे बुद्धप्रिया. शाळेत असताना वडिलांच्या बदलीमुळे ती कंधारला होती आणि रोज वाचनालयात यायची. तिला शरीरशास्त्राचं पहिलं पुस्तक मी काढून दिलं होतं. नशीब, भोक पडलेलं ते नव्हे!

"अप्पा, तुम्ही?" ती उभीच राहिली. मग तिनं छातीला नळी लावली आणि तिचा चेहरा हळूहळू डॉक्टरचा झाला. "विड्या किती होतात दिवसाकाठी?"

मी शेषेरावांकडे पाहिलं.

"लई न्हाई मॅडम," शेषेराव म्हणाले. "विडी इझली की दुसरी. मधी न्हाई."

"अप्पा, श्वासनळीत आतून बारीक केस असतात. झाडूसारखे. आत आलेला कचरा वर ढकलत राहतात. धुरानं ते लुळे पडतात. झाडणारंच कुणी उरलं नाही की छातीत घाण साचते. तुमचा पहाटेचा खोकला म्हणजे तो कचरा आहे."

"हो हो. वाचलंय मी," मी म्हणालो.

"वाचलंय?" तिनं नळी गळ्यात टाकली. "वाचूनसुद्धा?"

तिनं छातीचा फोटो काढायला सांगितला. ती स्वतः भावाच्या लग्नासाठी बिलोलीला निघाली होती. "सोमवारी फोटो घेऊन या, तेव्हा फुंकायची तपासणीही करू. आणि अप्पा, पाकीट उघडून बघत बसू नका हं! तुम्ही पुस्तकं वाचणारी माणसं. तुमचा नेम नाही."

फोटो काढणारा माणूस घाईत होता. बाहेर रांग होती. "शर्ट-बनियन काढा, हा झगा घाला. अंगावर काय हाय का?"

मी घड्याळ काढलं, चष्मा काढला, पेन काढलं, किल्ल्या काढल्या.

"दुसरं काय?"

"काही नाही," मी खरं तेच सांगितलं.

"छाती पाटीला चिकटवा. हात कमरेवर. दम घ्या... दम धरा!"

दम घेता येत होता, धरता येत नव्हता. पहिल्या वेळी खोकला आला. दुसऱ्या वेळी त्याहून मोठा आला. तिसऱ्या वेळी तो माणूस आतूनच ओरडला, "बाबा, फोटो काढून राहिलो मी, ढोल वाजवा म्हणलो न्हाई!" शेवटी दोन खोकल्यांच्या मधल्या फटीत त्यानं बटण दाबलं.

परतीच्या एस.टी.त पाकीट माझ्या मांडीवर होतं. उस्माननगरपर्यंत मी दम धरला. इथे मात्र जमलं!

"अप्पा, वाचता येतो म्हणला होता की," शेषेरावांनी कोपर मारलं.

झालं! मी फिल्म काढून खिडकीच्या उन्हावर धरली. बरगड्या दिसल्या. हृदय दिसलं. आणि डाव्या बाजूला, बरगड्यांवर, अंड्याएवढा पांढराशुभ्र डाग दिसला!

पुस्तकात अगदी हेच लिहिलं होतं. फुफ्फुसात गोल डाग, रुग्ण म्हातारा, विडी ओढणारा. पुढचं वाक्य मला पाठ होतं, पण ते आठवायची हिंमत झाली नाही.

"अप्पा! अंडं!" शेषेराव ओरडले. मी सांगितलं ना, त्यांना आवाज आहे. सगळी एस.टी. वळली.

"बघू द्या जरा," मागून एक हात आला आणि माझं फुफ्फुस मागच्या सीटवर गेलं. तिथून त्याच्या मागे. मला 'अहो, परत द्या' म्हणायचं होतं, पण सभेतल्यासारखंच झालं. शब्द सुचेना.

"पाण्याचा गोळा हाय ह्यो."

"उलटं धरलंय तुम्ही. त्ये पोट हाय."

"पोट कुठलं! माझ्या मेव्हण्याचा फोटो डिट्टो असाच होता."

"मग काय झालं त्यांचं?" मी आशेनं विचारलं.

"काय व्हायचं? वारले."

कोंबडीवाल्या बाई याही एस.टी.त होत्या. कोंबडी विकली गेली होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, काय खावंसं वाटंल त्ये खाऊन घ्या आता." कंडक्टरनं फिल्म उजेडात धरून पाहिली, जीभ चावली आणि तिकिटाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, प्रवास कुठपर्यंतचा आहे तसं!

आम्ही कंधारच्या स्टँडवर उतरलो तेव्हा बातमी आमच्या आधी उतरली होती.

घरी आल्यावर मी चिकटवलेल्या भोकाचं ते पुस्तक काढलं. वाचनालयानं रद्दीत काढलं तेव्हा मीच ते घरी आणलं होतं. विडीच्या धुरातली विषं पेशीच्या आतल्या आज्ञांवर ओरखडे काढतात. शरीर ते दुरुस्त करतं. पुन्हा धूर, पुन्हा ओरखडा. एक दिवस पेशीला 'थांब' ही आज्ञाच वाचता येईनाशी होते आणि ती वाढतच सुटते. ग्रंथपालाला हे लगेच कळतं. एका वेड्या वाचकानं सूचीतली कार्डं रोज थोडी थोडी फाडावीत, आणि एक दिवस एकाच पुस्तकाच्या प्रतींनी सगळी कपाटं भरून जावीत, तसं. तो वेडा वाचक मीच!

मी भिंग घेऊन फिल्म पुन्हा पाहिली. आता डागाच्या दोन बाजूंना दोन बारीक वाकडी टोकं दिसली. नांग्या! उगाच का याला कर्करोग म्हणतात? कर्क म्हणजे खेकडा. माझ्या छातीत नांग्या उगारून खेकडा बसला होता!

"शिवगंगा," मी म्हणालो, "जरा बस."

ती बसली. मी सांगितलं. वाटलं, आता ओरडेल. 'सांगत व्हते, सांगत व्हते' म्हणेल. पण ती उठली, ज्वारीच्या भाकरीवर नेहमीच्या दुप्पट तूप घातलं आणि मऊ आवाजात म्हणाली, "अवो, जेवता का?"

तेव्हा मी खरा घाबरलो! इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी मऊ कधी बोलली नव्हती. विडीचं बंडल मी आपण होऊन चुलीत टाकलं. तिनं ते पाहिलं आणि तरीही टोमणा मारला नाही. म्हणजे संपलंच की सगळं!

दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला येऊ लागले. येताना केळी आणायचे, माझ्यासमोर बसायचे आणि सुस्कारे सोडायचे. गल्लीतले विडीवाले दाराबाहेर विडी विझवून आत यायचे आणि मला पाहून गेल्यावर विझलेली विडी तिथेच टाकून जायचे. शेषेरावांनी तर भर ओसरीवर जाहीर केलं, "माझ्या लेकीची, सिंधूची शपथ! मी बंडल हिरीत टाकलं. आजपासून तंबाखूचं नाव न्हाई!" लोकांनी माना डोलावल्या. माझ्यामुळे कुणी सुधारतंय हे पाहून मला बरं वाटलं. अर्थात बरं वाटण्याची ही पद्धत फार महाग होती.

मग मारोतराव गुरुजी आले. गुरुजी गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढावर राहतात. त्यांनी केळी ठेवली, सुस्कारा सोडला आणि कपाटाकडे पाहत म्हणाले, "अप्पा, तसं विचारू नये. पण तुमच्या त्या जाड शब्दकोशाचं काय ठरवलंय?"

"घेऊन जा," मी म्हणालो.

"छे छे! तुम्ही असेपर्यंत..."

"घ्या हो!"

त्यांनी तो इतक्या चपळाईनं पिशवीत टाकला की पिशवी त्यांनी घरूनच आणली होती हे माझ्या लक्षात आलं. ते पाहून बाकीच्यांना धीर आला. कुणी चरित्रं मागितली, कुणी इतिहास. एका गृहस्थांनी पुस्तकं नकोत पण कपाट चालेल, असं सांगितलं. मला 'नाही' म्हणता येत नाही हे गावाला ठाऊक आहे, आणि मरणाऱ्या माणसाला तर ते अजिबातच येत नाही. रविवारपर्यंत माझ्याकडे एकच पुस्तक उरलं. भोकाचं!

रोज पहाटे पूजेला बसायचो. इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचो, विभूती लावायचो आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायचो, "देवा, एवढा डाग घालव. विडीचा धूर पुन्हा या छातीत जाणार नाही. फक्त हा एवढा डाग घालव!" देव गप्प राहायचा. आता मला कळतं, बिचारा काय बोलणार होता?

सोमवारी आम्ही तिघं नांदेडला गेलो. शिवगंगा सगळा रस्ता माझा हात धरून बसली होती. तिला एस.टी.त असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्याच्या दाराशी ती हळूच म्हणाली, "काय बी निघालं तरी मी हाय." मला काहीतरी बोलायचं होतं. 'आभार' एवढाच शब्द सुचला, म्हणून गप्प बसलो.

बुद्धप्रियानं फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. पाहिली. जवळ जाऊन पाहिली. खोकल्याचा माझा एवढा सराव, पण त्या क्षणी तोही थांबला.

"अप्पा," ती वळली, "फोटोच्या वेळी अंगावरचं सगळं काढलं होतं?"

"सगळं. घड्याळ, चष्मा, पेन, किल्ल्या."

"गळ्यात काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

"शर्टाची वरची बटणं काढा बरं."

मी काढली. तिनं बोट दाखवलं. "मग हे काय आहे?"

मी खाली पाहिलं. छातीवर डाव्या बाजूला, माझ्या इष्टलिंगाची चांदीची डबी दोऱ्याला लोंबत होती. गोल, अंड्याएवढी. दोरा ओवायला दोन बाजूंना दोन कड्या!

"हे?" मी म्हणालो. "हे तर इष्टलिंग!"

"अहो, मग सांगायचं ना!"

"पण त्यांनी 'अंगावर काय हाय' असं विचारलं!" मी रडवेला झालो. "लहानपणी दीक्षेत गुरूंनी बांधलं, तेव्हापासून अंगापासून वेगळं केलं नाही. ही वस्तू आहे असं माझ्या कधी मनातच आलं नाही. अंगावर काय आहे विचारल्यावर कुणी 'दोन कान आहेत' म्हणून सांगतं का?"

तिनं मला पेटीजवळ उभं केलं. मी पुढे वाकून डबी फिल्मवरच्या डागावर टेकवली. डागावर डबी आणि नांग्यांवर कड्या, तंतोतंत!

आधी बुद्धप्रिया हसली. मग शेषेराव इतक्या मोठ्यानं हसले की बाहेरच्या रांगेतला एक जण आत डोकावला. शिवगंगा मात्र पदर तोंडाला लावून रडली. पोटभर रडली. मग डोळे पुसले आणि ओरडली, "इतकं शिकून काय उजेड पाडला ओ! सोताचा देव वळखू येईना! चार दिवस माझ्या घशाखाली घास न्हाई! आन् घरातलं कपाट सुदीक देऊन बसले!"

काय सांगू? तो आवाज ऐकला आणि मला जिवंत झाल्यासारखं वाटलं!

पुन्हा फोटो काढायचा ठरला. आता प्रश्न आला की इष्टलिंग अंगापासून दूर कसं करायचं? बुद्धप्रिया म्हणाली, "दूर कशाला? मुठीत धरा आणि मूठ कमरेवर ठेवा. अंगाला लागलेलंही राहील आणि फोटोतही येणार नाही." तसं केलं. या फोटोत डाग नव्हता! मी फिल्मला नमस्कार केला, मुठीला नमस्कार केला, फोटोवाल्यालाही केला.

मग तिनं मला एका नळीत जोरानं फुंकायला लावलं. मी फुंकलं. यंत्रानं जेमतेम दखल घेतली. दोनतीनदा फुंकून घेतल्यावर ती समोर बसली.

"अप्पा, डाग देवाचा निघाला. पण बाकीचा धूर तुमचाच आहे. श्वासनळ्या आखडल्यात. फुफ्फुसं तुमच्या वयाहूनही म्हातारी झालीत. गेलेलं परत येणार नाही. पण आज विडी सुटली तर उरलेलं टिकेल, आणि ज्या खेकड्याला तुम्ही इतके घाबरलात ना, तो खरा यायची भीतीही वर्षावर्षानं कमी होत जाईल. हृदयाचीसुद्धा. मी औषध देते. रोज चालायचं. कंधारचा चढ चढायचा, थांबत थांबत."

"सोडली मी," मी म्हणालो. "चुलीत घातली."

"हाव, मी पाहिलं," शिवगंगा म्हणाली. माझ्या बाजूनं तिनं दिलेली ही पहिली साक्ष!

"आणि काका, तुम्ही?" बुद्धप्रिया शेषेरावांकडे वळली.

"मी? बंडल हिरीत!" शेषेरावांनी छाती पुढे काढली. "तंबाखूचं नाव न्हाई. सिंधूची शपथ घेतली मी, अख्ख्या गल्लीसमोर."

"छान! पण इतकी वर्षं ओढलीत. तुमचाही एक फोटो काढू."

"काढा की! आपल्याला काय भ्याव हाय?" आणि ते ऐटीत आत गेले. जाताना मला म्हणाले, "अप्पा, आपल्या गळ्यात देव-बिव कायी न्हाई. आपला फोटो सोच्छ येणार!" आतून त्यांचा आवाज ऐकू आला, "थंडी वाजतीय, बंडी ऱ्हाऊ द्या अंगात... अंगावर काय? काय बी न्हाई!"

फिल्म आली. बुद्धप्रियानं ती पेटीवर लावली. पाहिली. जवळ जाऊन पाहिली. मी शिवगंगेचा हात धरला. या वेळी मी होऊन!

उजव्या छातीवर एक डाग होता. लांबट, नीट घडवलेला, दोन टोकांना दोन झाकणं असलेला.

ती सावकाश वळली. "काका," तिनं विचारलं, "तुमचा कोणता देव?"

शेषेरावांचा हात आपोआप बंडीच्या आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. शेवटी त्यांनी खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली. एका बाजूला तंबाखू, एका बाजूला चुना. त्यांच्यासारख्या आवाजाच्या माणसाचा इतका बारीक आवाज मी प्रथमच ऐकला.

"देव न्हाई बाई. भूत हाय. विडीतून निघालं, डबीत घुसलं. सुटंना झालंय."

बुद्धप्रिया हसली नाही. तिनं डबी बाजूला सरकवली आणि खुर्ची पुढे ओढली. "खरं बोललात हे बरं झालं. विडीतून गेली काय, गालात गेली काय, तंबाखू तीच. आता फुफ्फुसाऐवजी तोंडाचं बघायचं एवढाच फरक. सोडायला मदत लागते काका, शपथ पुरत नाही. औषध आहे. दर महिन्याला या, दोघंही."

"येतो," शेषेराव म्हणाले. "फकत सिंधूला सांगू नका."

"त्या कशाला सांगतील?" शिवगंगा म्हणाली. "मी हाय ना!"

परतीच्या एस.टी.त तोच कंडक्टर होता. "अप्पा, काय निघालं?" त्यानं हळूच विचारलं.

"देव निघाला," मी म्हणालो. त्यानं घाईघाईनं खिडकीबाहेर पाहून नमस्कार केला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

तेव्हापासून विडी बंद आहे. शेषेराव महिन्याच्या महिन्याला माझ्याबरोबर नांदेडला येतात. एकदा घसरले होते, पण तेही त्यांनी स्वतःच कबूल केलं, फोटो काढायची वेळ आली नाही. पहाटेचा माझा खोकला कमी झालाय. गल्लीतल्या बाया आता मोबाइलचा गजर लावतात आणि मला बोल लावतात. पूजेला बसलो की मात्र अजून देवाच्या नजरेला नजर देववत नाही.

पुस्तकांचं काय? मरणार म्हणून दिलेली वस्तू जिवंत राहून परत कशी मागायची? मला जमलं नाही. मग विडीची तलफ आली की मी चप्पल घालतो आणि चढ चढून, थांबत थांबत, मारोतराव गुरुजींच्या घरी जातो. सांगतो, "एक शब्द बघायचा होता." तेवढंच चालणं होतं. गुरुजी शब्दकोश माझ्यासमोर ठेवतात आणि विचारतात, "अप्पा, आज कोणता शब्द?"

मला काही सुचत नाही. मी म्हणतो, "कालचाच. विसरलो!"